विश्लेषण : लाकडी बाणासाठी कोणते लाकूड योग्य? ओरेगॉनच्या ‘सिडार’वर जगभरचे तिरंदाज का अवलंबून राहिले?

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली आणि महाराष्ट्रात तिरंदाजीची चर्चा घरोघरी झाली. या दर्जाच्या स्पर्धांत आता कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमचे बाण वापरले जातात. तरीही लाकडी बाण इतिहासजमा झालेला नाही. पारंपरिक धनुष्य वापरणारे हजारो हौशी तिरंदाज जगभर आहेत. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या थ्री-डी स्पर्धांमधील ‘लाँगबो’ प्रकारात तर बाण लाकडाचाच असावा लागतो. मात्र ज्या झाडाने विसाव्या शतकात या बाणांना सर्वाधिक लाकूड पुरवले, तेच झाड आता एका रोगाशी झुंजते आहे. बाणासाठी लाकूड कसे निवडतात, चुकीच्या निवडीत धोका काय आणि पर्याय कोणते, याचा हा वेध.

बाण सुटताना नेमके काय होते?

पारंपरिक धनुष्यात बाण ठेवायची जागा धनुष्याच्या बरोबर मध्यावर नसते. बाण धनुष्याच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटली की ती मात्र धनुष्याच्या मध्याकडेच झेपावते. म्हणजे बाणाचे टोक किंचित बाजूला आणि त्याची मागची खाच मध्याकडे, अशी स्थिती होते. सरळ विचार केला तर असा बाण नेहमीच बाजूला जायला हवा. प्रत्यक्षात तो लक्ष्याकडे जातो. तिरंदाजीच्या इंग्रजी साहित्यात या कोड्याला ‘तिरंदाजाचा विरोधाभास’ असे नाव आहे.

या कोड्याचे उत्तर बाणाच्या लवण्यात आहे. दोरीचा धक्का बसताच बाण मधोमध वाकतो, धनुष्याला वळसा घातल्यासारखा पुढे सरकतो, मग उलट दिशेने वाकतो आणि थरथरत थरथरत हवेत स्थिरावतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने केलेल्या चित्रीकरणात हे वाकणे स्पष्ट दिसले. डोळ्यांना सरळ जाताना दिसणारा बाण पहिल्या काही क्षणांत मासोळीसारखा वळवळत असतो.

म्हणूनच बाणाच्या लाकडाला एकाच वेळी दोन परस्परविरोधी गुण लागतात. ते वाकले पाहिजे आणि लगेच पूर्ववतही झाले पाहिजे. फार ताठ दांडी धनुष्याला वळसा घालत नाही. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा असा बाण डावीकडे जातो. फार लवचीक दांडी जास्त वाकते आणि बाण उजवीकडे जातो. ‘सर्वांत मजबूत लाकूड कोणते’ हा प्रश्न त्यामुळे इथे अपुरा ठरतो. ‘या धनुष्याला साजेसे लाकूड कोणते’ असे विचारावे लागते.

ताठरपणा मोजतात कसा?

दांडीच्या ताठरपणाला तिरंदाजीत ‘स्पाइन’ म्हणतात. लाकडी बाणांसाठी अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली पद्धत आजही सर्वत्र चालते. दांडी २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर आडवी ठेवायची, मधोमध २ पौंडांचे वजन टांगायचे आणि दांडी किती इंच खाली वाकते ते पाहायचे. २६ ला त्या आकड्याने भागले की स्पाइन पौंडांत मिळतो. दांडी ०.५२ इंच वाकली, तर स्पाइन ५० पौंड. याचा ढोबळ अर्थ असा, की साधारण ५० पौंड ताकदीने ओढल्या जाणाऱ्या धनुष्याला ती दांडी जुळेल. विक्रेते दांड्या ४५ ते ५०, ५० ते ५५ अशा पाच-पाच पौंडांच्या गटांत विकतात.

अर्थात हा आकडा अंतिम नसतो. बाण जितका लांब, तितका तो जास्त वाकतो. पुढचे धातूचे टोक जड असले तरीही बाण जास्त लवचीक वागतो. त्यामुळे २८ इंचांपुढे प्रत्येक इंचामागे साधारण पाच पौंड जास्त स्पाइनची दांडी घ्यावी, असा जुन्या जाणकारांचा ठोकताळा आहे.

जाडीचा परिणाम मात्र बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फार मोठा असतो. गोल दांडीचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. लाकडी दांड्यांचे दोन नेहमीचे व्यास म्हणजे पाच-सोळांश इंच (सुमारे ८ मिलिमीटर) आणि अकरा-बत्तीसांश इंच (सुमारे ८.७ मिलिमीटर). फरक जेमतेम १० टक्क्यांचा. पण त्याच लाकडाची जाड दांडी बारीक दांडीपेक्षा सुमारे ४६ टक्के अधिक ताठ असते. म्हणूनच घासकाम करताना थोडे जास्त घासले गेले, तरी बाणाचा गट बदलू शकतो.

रेषा सरळ नसतील तर धोका काय?

लाकडाची जात कोणतीही असो, दांडी हातात घेतल्यावर पहिली तपासणी रेषांची होते. झाडाचे तंतू दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावेत. करवतीने कापताना तंतूंची दिशा पाहिली नाही, तर रेषा तिरप्या होऊन दांडीच्या बाजूने बाहेर पडतात. ही जागा म्हणजे तुटण्याची तयार फट. गाठ असेल तर तंतू तिच्याभोवती वळसा घेतात, म्हणून गाठीची दांडी थेट बाद होते.

प्रश्न नेम चुकण्यापुरता नाही. दोरीच्या धक्क्याने तिरप्या रेषेवर दांडी फाटली, तर मागचा अणकुचीदार तुकडा दोरीच्या पूर्ण ताकदीने पुढे येतो. समोर असतो तो धनुष्य धरलेला हात आणि मनगट. पारंपरिक तिरंदाजीतील सर्वांत गंभीर दुखापतींपैकी ही एक आहे. त्यामुळे प्रत्येक फेकीनंतर, विशेषतः बाण दगडावर किंवा दुसऱ्या बाणावर आदळल्यानंतर, तो दोन्ही हातांत धरून हलकेच सर्व बाजूंनी वाकवून पाहण्याची शिस्त लावली जाते. कडकड आवाज आला किंवा बारीकशी चीर दिसली, तर तो बाण मोडून टाकायचा. भात्यात परत ठेवायचा नाही.

रेषा किंचित बाहेर पडत असल्या, तर दांडीवर त्यांची निमुळती टोके ज्योतीसारखी दिसतात. बाण धनुष्यावर ठेवल्यावर वरच्या अंगाची ही टोके पुढे, लक्ष्याच्या दिशेने रोखलेली असावीत, असा संकेत आहे. त्यामागे साधा हिशेब आहे. अशा रेषेवर बाण फाटला, तर मागचा तुकडा पुढच्या तुकड्यावरून वर सरकतो, हातापासून दूर. उलट ठेवला तर तोच तुकडा खाली, हातात घुसू शकतो. तसेच दोरीची खाच लाकडाच्या वार्षिक वलयांना आडवी पाडतात. वलयांना समांतर पाडलेली खाच पाचरीसारखी काम करते आणि दोरी दांडी उभी चिरते.

करवतीने कापण्याऐवजी ओंडका पाचर मारून फोडला, तर फट आपोआप तंतूंच्या दिशेनेच जाते. त्या तुकड्यांतून केलेल्या दांड्यांच्या रेषा सर्वांत सरळ असतात. यात लाकूड वाया जास्त जाते आणि दर वाढतो; पण जाणकार हा दर मोजतात.

वजनाला इतके महत्त्व का?

हलका बाण वेगाने जातो आणि त्याचा मार्ग सपाट राहतो. जड बाण सावकाश जातो, पण आघात मोठा करतो. फार हलका बाण मात्र धनुष्यालाच घातक असतो. धनुष्यात साठलेली ऊर्जा बाणात गेली नाही, तर ती लाकडातच उरते आणि रिकामी दोरी सोडल्यासारखा धक्का धनुष्याला बसतो. पारंपरिक धनुष्यासाठी ओढीच्या प्रत्येक पौंडामागे बाणाचे वजन साधारण ८ ते १० ग्रेन असावे, असे मानतात. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन होतात. म्हणजे ४५ पौंडांच्या धनुष्याला ४५० ग्रेनचा, सुमारे २९ ग्रॅमचा बाण शोभतो. यात टोक आणि पिसेही आली.

इथे लाकडाच्या जातीचा प्रश्न येतो. पाहायचे असते ते वजनाच्या मानाने मिळणारा ताठरपणा. अमेरिकी वन विभागाच्या प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेले काही आकडे बोलके आहेत. वाळलेल्या पोर्ट ऑर्फर्ड सिडारची सापेक्ष घनता ०.४३ आणि लवचिकतेचा गुणांक ११.७ गिगापास्कल आहे. हा गुणांक जितका मोठा, तितके लाकूड ताठ. अमेरिकी पांढऱ्या अ‍ॅशची घनता ०.६० आहे, पण गुणांक १२ च. म्हणजे अ‍ॅश सुमारे ४० टक्के जड आणि ताठरपणा जवळपास तेवढाच. सिटका स्प्रूस ०.४० घनतेला १०.८ इतका ताठरपणा देतो. सुरुवातीच्या लाकडी विमानांसाठी त्याची निवड झाली, ती याच गुणामुळे. किनारी डग्लस फर ०.४८ घनतेला १३.४ देतो.

आपल्याकडच्या सागवानाचा विचार इथे अनेकांच्या मनात येईल. सागवान टिकाऊ आहे, पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. पण बाण घराच्या चौकटीसारखा पन्नास वर्षे टिकण्याची कुणाची अपेक्षा नसते. वजनाच्या मानाने ताठरपणात सागवान सिडार किंवा स्प्रूसच्या मागे पडते. बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेली बाभूळ तर त्याहून जड, आणि तिच्यात सरळ रेषांचा लांब तुकडा मिळणेही मुश्कील.

पोर्ट ऑर्फर्ड सिडार एवढा लोकप्रिय का झाला?

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याचा नैर्ऋत्य कोपरा आणि त्याला लागून असलेला कॅलिफोर्नियाचा वायव्य भाग, एवढ्याच पट्ट्यात हे झाड निसर्गतः वाढते. पोर्ट ऑर्फर्ड या किनारी गावावरून त्याला नाव मिळाले. नावात सिडार असला, तरी आपला हिमालयातील देवदार ज्या खऱ्या सिडार कुळातला, त्या कुळाशी त्याचा संबंध नाही. हे सायप्रसच्या नात्यातले झाड आहे. कापल्यावर त्याला आल्यासारखा उग्र वास येतो. पारंपरिक बाणांचा डबा उघडल्यावर येणारा तो वास तिरंदाज लगेच ओळखतात.

त्याची लोकप्रियता चार कारणांनी वाढली. लाकूड हलके आणि ताठ. रेषा लांब आणि सरळ. सरळ केलेली दांडी बऱ्यापैकी सरळ राहते. आणि रंधा, सँडपेपर सहज चालतो. जुन्या जंगलातली झाडे सावलीत हळूहळू वाढलेली असल्याने त्यांची वार्षिक वलये दाट असत आणि त्यामुळे एका ओंडक्यातून बऱ्यापैकी एकसारख्या दांड्या निघत. विसाव्या शतकात अमेरिकेतील लाकडी बाणांसाठी हेच लाकूड प्रमाण मानले गेले.

पण गिऱ्हाईक केवळ तिरंदाज नव्हते. जपानमध्ये मंदिरे आणि घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या हिनोकी या लाकडाचा हे झाड जवळचा भाऊबंद. त्यामुळे उत्तम ओंडके मोठ्या प्रमाणावर जपानला जाऊ लागले. जपानी खरेदीदारांच्या भावापुढे बाणांचे कारखाने टिकणे कठीण होते.

या झाडावर कोणते संकट आले?

१९२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत या जातीची शोभेची झाडे मरताना आढळली. कारण होते ‘फायटोफ्थोरा लॅटरॅलिस’ नावाचा, बुरशीसारखा दिसणारा सूक्ष्मजीव. तो मुळांतून शिरतो, मुळे कुजवतो आणि झाड उभ्या उभ्या वाळते. १९५२ मध्ये तो या झाडाच्या मूळ जंगलात पोहोचला.

हा रोग पाणी आणि चिखलातून पसरतो. लाकूडतोडीच्या ट्रकची चाके, बुलडोझर, जनावरांचे खूर, माणसांचे बूट यांना लागलेल्या मातीबरोबर तो एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात गेला. ओढ्याकाठची झाडे सर्वांत आधी गेली. म्हणजे ज्या रस्त्यांनी लाकूड बाहेर आले, त्याच रस्त्यांनी रोग आत गेला. त्यानंतर पावसाळ्यात जंगलातले रस्ते बंद ठेवणे, वाहने धुऊनच आत सोडणे, रस्त्याकडेची झाडे काढून रोगाला अडथळा निर्माण करणे असे उपाय सुरू झाले.

झाडाची जात लगेच नामशेष होईल अशी स्थिती नाही. पण जुनी, दाट वलयांची, पाचर मारल्यावर सरळ फुटणारी झाडे कमी झाली आहेत. लवकर वाढलेल्या तरुण झाडांची वलये रुंद असतात आणि एकसारख्या दांड्या मिळण्याचे प्रमाण घटते. दांड्यांचे दर वाढण्यामागे आणि मोजून-मापून जुळवलेला बारा दांड्यांचा संच महागण्यामागे हे मोठे कारण आहे.

बाणाच्या लाकडाची टंचाई नवी आहे का?

मुळीच नाही. इंग्लंडमध्ये लाँगबो हे सैन्याचे मुख्य शस्त्र होते, तेव्हा १४१६ मध्ये पाचव्या हेन्रीच्या राजवटीत एक कायदा झाला. चिखलात चालताना बुटांखाली बांधायचे लाकडी तळ बनवणाऱ्यांना अ‍ॅस्पेनचे लाकूड वापरण्यास मनाई करण्यात आली, कारण ते बाणांसाठी हवे होते. पुढे चौथ्या एडवर्डच्या काळात, बाणाला निरुपयोगी ठरलेले अ‍ॅस्पेन वापरण्याची मुभा त्या कारागिरांना मिळाली.

१५४५ या एकाच वर्षाने या विषयावर दोन साक्षी मागे ठेवल्या. त्या वर्षी रॉजर अ‍ॅस्कम यांचा तिरंदाजीवरचा ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बाणाच्या पंधरा लाकडांची यादी दिली आणि युद्धासाठी अ‍ॅश उत्तम, अ‍ॅस्पेन नव्हे, असा आग्रह धरला. अ‍ॅश जड असल्याने त्याचा आघात मोठा, हे त्यांचे कारण. त्याच वर्षी जुलैत ‘मेरी रोझ’ ही आठव्या हेन्रीची युद्धनौका बुडाली. १९८२ मध्ये तिचा सांगाडा समुद्रातून वर काढण्यात आला. त्या उत्खननात साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले आणि त्यांतील बहुसंख्य निघाले पॉपलरचे. अ‍ॅस्पेन हा पॉपलरचाच एक प्रकार.

पुस्तक एक सांगते आणि जहाज दुसरे, असे का? पॉपलर ताठरपणात अ‍ॅशच्या मागे आहे, हे खरे. पण नौकेवरचे युद्धबाण आजच्या बाणांपेक्षा बरेच जाड होते. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने लाकडाची उणीव जाडीने भरून निघते आणि हलक्या लाकडामुळे बाण बेसुमार जड होत नाही. शिवाय पॉपलर लवकर वाढतो आणि घासायला सोपा. हजारोंच्या संख्येने बाण करायचे, तेव्हा उत्तम लाकडापेक्षा पुरेसे मिळणारे लाकूड कामी येते.

आज पर्याय कोणते आहेत?

सिडारला सर्वांत जवळचा पर्याय म्हणून सिटका स्प्रूसकडे पाहिले जाते. तो हलका आणि चपळ आहे. डग्लस फर थोडा जड आणि अधिक ताठ. ५५-६० पौंडांपुढच्या धनुष्यांना तो चांगला. लॉजपोल पाइन आणि युरोपात मिळणारा स्कॉट्स पाइन हे मधल्या वजनाचे पर्याय आहेत. जुन्या पद्धतीच्या जड युद्धधनुष्यांसाठी अ‍ॅश आणि बर्च अजूनही निवडले जातात. ज्याच्या भावंडाच्या सालीवर आपल्याकडे भूर्जपत्रे लिहिली गेली, तोच हा बर्च. तो जड असला, तरी आदळल्यावर सहसा मोडत नाही.

एक पर्याय मात्र जवळपास बंद झाला आहे. इंडोनेशिया आणि मलेशियाच्या दलदलीतील ‘रामीन’ या झाडाच्या गुळगुळीत गोल काठ्या स्वस्तात मिळत आणि अनेक देशांत त्यांचे बाण होत. बेसुमार तोडीमुळे २००५ पासून रामीन हे धोक्यातील प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या गोल लाकडी काठ्यांचा मोह नवख्यांना होतो. त्या पडद्यासाठी किंवा फर्निचरसाठी केलेल्या असतात. कापताना रेषांची दिशा कुणी पाहिलेली नसते. शंभरांतून काही चांगल्या निघतीलही. पण प्रत्येक काठी तपासल्याशिवाय तिचा बाण करणे म्हणजे स्वतःचा हात पणाला लावणे.

भारतात बाण कशाचे होत?

करवत नसलेल्या काळात माणसाने रेषांचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला होता. कापण्याऐवजी त्याने मुळातच सरळ वाढलेली काडी शोधली. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या हिममानवाच्या भात्यात १४ बाण होते. त्यांतले दोनच पूर्ण झालेले होते. बहुतेक दांड्या व्हायबर्नम या झुडपाच्या सरळ धुमाऱ्यांच्या होत्या. अशा काडीत तंतू कापलेच जात नाहीत, त्यामुळे रेषा बाहेर पडण्याचा प्रश्न येत नाही.

भारतात हेच काम बोरूसारख्या पोकळ गवतांनी आणि बांबूने केले. संस्कृतातला ‘शर’ हा शब्द बाणाला वापरला जातो आणि उंच, कडक कांड्याच्या गवतालाही. बाण कशाचा होत असे, याची खूण भाषेतच उरली आहे. जपानमध्येही बाणासाठी ‘यादाके’ नावाचा बारीक बांबू वापरतात आणि त्या नावातला ‘या’ म्हणजे बाणच. पोकळ कांड्यात सगळा भार बाहेरच्या कडेवर असतो आणि वाकण्याला विरोध करण्यात कडेचाच वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून बांबू कमी वजनात भरपूर ताठ राहतो.

सातपुड्यातील भिल्लांच्या तीरकामठ्यात धनुष्यही बांबूचे. बांबू पावसाळ्यानंतर तोडतात, सावलीत वाळवतात, मग विस्तवावर शेकून गरम असतानाच वाकडा भाग सरळ करतात. गाठी घासून सपाट कराव्या लागतात. बांबू आडवा सहसा मोडत नाही, पण उभा चिरतो. म्हणून टोकाजवळ आणि खाचेजवळ दोरा घट्ट गुंडाळतात. बांबूची अडचण एकसारखेपणाची आहे. प्रत्येक काडीची जाडी, पोकळी आणि गाठींमधले अंतर वेगळे. बारा जुळणाऱ्या काड्यांसाठी ढीगभर काड्या चाळाव्या लागतात.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यायला हवी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर वाढवलेल्या बांबूच्या तोडणी-वाहतुकीवरचे निर्बंध सैल झाले. वनक्षेत्रातला बांबू मात्र कुणीही जाऊन तोडू शकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवून वननिवासींचा त्यावरचा हक्क मान्य केला आहे. आणि बाण कितीही पारंपरिक असला, तरी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हाच आहे.

दांडी निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, दांडी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून पाहावी आणि सपाट काचेवर किंवा टेबलावर फिरवावी. ती उड्या मारत असेल तर वाकडी आहे. थोडा वाक हाताने किंवा उष्णतेने निघतो. एकाच जागचा तीव्र वाक काढत बसण्यात अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट रेषांची. त्या टोकापासून टोकापर्यंत जाव्यात. गाठ, चीर, किडीचे छिद्र नसावे. तिसरी गोष्ट म्हणजे लाकूड पूर्ण वाळलेले असावे. ओली दांडी आज सरळ असली, तरी महिन्याभरात वाकते. तयार बाणावर व्हार्निश किंवा तेलाचा हात द्यावा लागतो तो याचसाठी. कोकणातल्यासारख्या दमट हवेत तर लाकूड ओलावा शोषते, म्हणून बाण भिंतीला तिरके टेकवून न ठेवता आडवे किंवा उभे टांगून ठेवणे चांगले.

चौथी गोष्ट स्पाइन आणि पाचवी वजन. एक बाण उत्तम असून भागत नाही. संचातले सगळे बाण सारखे असावे लागतात. स्पाइन पाच पौंडांच्या आत आणि वजन १० ते २० ग्रेनच्या फरकात जुळले, तर हौशी तिरंदाजाचे काम भागते. एकाच झाडाच्या दोन दांड्याही सारख्या नसतात, त्यामुळे हे जुळवणे प्रत्येक दांडी मोजूनच करावे लागते. नवख्याने आधी जातीच्या नावाला भुलण्याऐवजी मोजून जुळवलेला संच घ्यावा. विस्कळीत सिडारपेक्षा नीट जुळवलेला पाइन केव्हाही सरस.

लाकडी बाणाचे भवितव्य काय?

लाकडाच्या याच विविधतेला कंटाळून अमेरिकेतील बाण-कारागीर डग ईस्टन १९३९ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांकडे वळले. धातूची प्रत्येक नळी सारखीच असते. पुढे कार्बन आला आणि स्पर्धेच्या मैदानावरचा प्रश्न निकालात निघाला. आज लाकडी बाण वापरणारा तिरंदाज तो जाणूनबुजून निवडतो. त्याच्यासाठी निवडणे, मोजणे, घासणे हा खेळाचाच भाग असतो.

ओरेगॉनमध्ये वन विभाग आणि ओरेगॉन राज्य विद्यापीठ यांनी रोगाला तोंड देऊन उरलेल्या झाडांचे बी गोळा करून रोगप्रतिकारक रोपे तयार केली आहेत आणि ती जंगलात लावली जात आहेत. मात्र दाट वलयांचे, सरळ फुटणारे लाकूड त्यांच्यातून मिळायला अनेक दशके लागतील. तोपर्यंत स्प्रूस, फर, पाइन आणि बांबू यांवरच पारंपरिक तिरंदाजीला भागवावे लागेल. दांडी या जातींपैकी कोणत्याही झाडाची असो. रेषा सरळ, वजन बेताचे आणि ताठरपणा धनुष्याला जुळणारा असेल, तर बाण सरळ जातो आणि हातही शाबूत राहतो.